दिवसातून आठ वेळा ठोके : गरोदरपणातल्या चिंतेचे एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका बाईचे नाही. मुंबईत तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बांधले आहे आणि आकडेही त्याच हिशेबाने घेतले आहेत. औषधांचे डोस दिले आहेत ते उपचाराचा विचार कळावा म्हणून. ते वाचून कुणी गोळी सुरू किंवा बंद करू नये.

परिस्थिती

वय २९. राहायला भांडुपला, नोकरी परळला एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात. घरात नवरा, सासू आणि दीर. घर वन बीएचके. दुसरे गरोदरपण. पहिले दीड वर्षापूर्वी नवव्या आठवड्यात संपले होते. रक्तस्राव नाही, पोटात दुखणे नाही. ठरलेल्या सोनोग्राफीला गेली आणि ठोके नसल्याचे तिथेच कळले. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला. रक्तस्राव होऊन गर्भ पडतो तेव्हा बाईची भीती रक्ताच्या डागाला चिकटते, आणि डाग दिसला नाही की तिला थोडे हायसे वाटते. काहीच न होता गर्भ गेल्याचे जिला कळते, तिच्यासाठी 'काही त्रास नाही' ही खूणच बिनभरवशाची होऊन बसते.

बाविसाव्या आठवड्यात ती तपासणीला आली तेव्हा फाईलमध्ये कॅज्युअल्टीचे दोन कागद होते. दोन्ही वेळा तक्रार तीच: गाडी कुर्ला-शीवच्या मध्ये थांबली, छातीत धडधडायला लागले, श्वास पुरेना, हाताला मुंग्या आल्या, 'आता मी पडणार' असे वाटले. दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल निघाला आणि 'टेन्शन घेऊ नका' असे सांगून घरी पाठवले गेले. नंतर फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम या भीती लगेच उतरवणाऱ्या औषधाच्या ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. तिने तीन घेतल्या, मग त्यांच्याबद्दल नेटवर वाचले आणि बाळाचे वाईट केले या अपराधी भावनेने बंद केल्या. लोकलही बंद केली. भांडुप ते परळ टॅक्सी, संध्याकाळी परतीला दोन-दोन तास, महिनाअखेर पैशांवरून घरात कुरबूर.

त्यातच पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात एक चमकदार ठिपका दिसल्याची नोंद आली. हा ठिपका म्हणजे हृदयातल्या एका छोट्या स्नायूवर जमलेला कॅल्शियमचा कण. शंभरातल्या तीन ते पाच निरोगी बाळांमध्ये तो दिसतो, आशियाई वंशाच्या बायकांमध्ये थोडा जास्तच. हृदयाची रचना नीट असेल, दुसरा कोणताही दोष नसेल आणि तिसऱ्या महिन्यातली एनटी सोनोग्राफी व डबल मार्कर (बाळाच्या गुणसूत्रांतल्या दोषाची जोखीम पाहणाऱ्या तपासण्या) यांचा निकाल कमी जोखमीचा असेल, तर पुढे काही करायचे नसते. तिचे हे सगळे तसेच होते. पण सोनोग्राफी करणाऱ्यांनी रिपोर्ट हातात देताना 'मॅडमना दाखवून घ्या' एवढेच म्हटले, आणि मॅडमची पुढची तारीख नऊ दिवसांनी होती. ते नऊ दिवस तिने फोनवर काढले.

त्याच आठवड्यात तिने ठोके ऐकण्याचे घरगुती डॉप्लर यंत्र ऑनलाइन मागवले.

डॉप्लर

उठल्यावर एकदा. आंघोळीनंतर. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये दोनदा, त्यासाठी पर्समध्ये जेलची लहान बाटली. घरी आल्यावर, जेवणानंतर, झोपताना, आणि रात्री तीनच्या सुमाराला जाग आली की पुन्हा. आठवडाभर वहीत नोंद ठेवायला सांगितल्यावर सरासरी आठ निघाली. तिने स्वतः अंदाज 'तीन-चार' असा सांगितला होता. अशा नोंदीत हा फरक नेहमी पडतो. ती खोटे बोलत नव्हती. सवय झालेली कृती मोजली जात नाही, इतकेच.

ठोके मिळाले की तिला पंधरा-वीस मिनिटे बरे वाटे. मग 'आत्ता होते, आता असतील का?' एकदा यंत्रावर ९६ आकडा आला. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात, हे तिला पाठ होते. नवऱ्याला घेऊन रात्री रिक्षाने हॉस्पिटल गाठले, तिथे १४८ निघाले. ९६ ही तिची स्वतःची नाडी होती, घाबरल्यामुळे वाढलेली. बाळ लहान असताना ते गर्भाशयात जागा बदलते आणि यंत्राचा कोन जरासा चुकला तरी आईच्या रक्तवाहिनीचा किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचा आवाज पकडला जातो. याची उलटी बाजू अधिक धोक्याची: बाळ खरेच अडचणीत असताना आईचा आवाज ऐकून 'ठोके आहेत' असे समाधान मानले जाते आणि हॉस्पिटलला जायला उशीर होतो. अमेरिकेतल्या औषधे व वैद्यकीय उपकरणे यांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या संस्थेने २०१४ मध्येच अशी यंत्रे घरी वापरू नयेत असे सांगितले होते. आपल्याकडे ती दोन दिवसांत दारात येतात, सोबत पेस्टल रंगाचे पाऊच.

आधी शरीर तपासले

चिंता म्हणण्याआधी शरीराची कारणे पाहिलीच पाहिजेत, आणि भारतात तर एक कारण मुद्दाम. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची डावी झडप आकसलेली असते, ते वर्षानुवर्षे कळत नाही, आणि गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्ताचे प्रमाण वाढले की पहिल्यांदा धाप आणि धडधड सुरू होते. ईसीजी नॉर्मल आहे एवढ्यावर हे सोडून देता येत नाही. हिच्या छातीवर हलका मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येत होता, जो गरोदर बायकांत पुष्कळदा निरुपद्रवी असतो. तरी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. झडपा ठीक होत्या. ब्लड प्रेशर ११०/७०, थायरॉइडसाठीचे टीएसएच १.९, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांची साखर ११८.

हिमोग्लोबिन मात्र ९.६ निघाले. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि या पातळीला धडधड व दम लागणे अगदी अपेक्षित. आयर्नच्या गोळ्या तिला तिसऱ्या महिन्यापासून दिल्या होत्या. ती त्या चहाबरोबर घेत होती, आणि मागोमाग कॅल्शियमची. दोन्हीमुळे लोह नीट शोषले जात नाही. बदल साधा केला: ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी दिवसातून दोनदा, चहापासून किमान एक तास दूर, लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. ऑफिसमधले पाच कटिंग दोनावर आणले, कारण दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन गरोदरपणात नको आणि चिंता असलेल्या बाईला तर त्याहून कमीच बरे. पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.७ झाले.

लोकलमधल्या प्रसंगांचे कोडेही इथेच सुटते. गरोदरपणात नाडी मिनिटाला दहा ते वीसने वाढते. रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास मुळातच खोल होतो, त्यामुळे बसल्या जागीही दम लागल्यासारखे वाटते. उभे राहिले की रक्त पायात साचते, डोके हलके होते. त्यात रक्तक्षय. आता गाडी शीवच्या अलीकडे थांबली, पंखा बंद, आणि या सगळ्या संवेदना एकदम जाणवल्या. मनात आले, 'काहीतरी होतंय'. भीतीने श्वास आणखी भराभर झाला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी घटला, आणि त्याने मुंग्या व चक्कर वाढली. म्हणजे शरीराचा अर्धा निरोप खरा होता. 'तुला काही झालेलं नाही' हे तिला पटत नव्हते, याचे कारण हे.

कसे विचारले

सासू सोबत होती. बाई आणि तिच्या घरचे एकाच वेळी खोलीत असताना यातले काहीही विचारू नये. वजन आणि लघवीच्या तपासणीसाठी नर्सने तिला आत नेले आणि दहा मिनिटे तिथेच बसवले. गर्दीच्या ओपीडीत एवढी सवड अशीच काढावी लागते. 'तुम्हाला चिंता वाटते का?' या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका बहुधा 'नाही, तसं काही नाही' म्हणतात. 'जीव घाबराघुबरा होतो का? डोक्यातले विचार रात्री थांबतात का? कितव्यांदा उठता?' असे विचारले की बोलणे सुरू होते.

दोन प्रश्नावल्या भरल्या. जीएडी-७ या चिंतेच्या प्रश्नावलीत सात प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण; १० किंवा अधिक आले तर पुढची तपासणी आणि १५ किंवा अधिक म्हणजे तीव्र चिंता. तिचे १६. यातले झोप आणि बेचैनीचे प्रश्न गरोदरपणात तसेही थोडे गुण देतात, म्हणून जोडीला ईपीडीएस, म्हणजे बाळंतपणाच्या काळातले नैराश्य पाहणारी प्रश्नावली. १९८७ मध्ये बनलेल्या या दहा प्रश्नांच्या यादीत शारीरिक तक्रारी जाणूनबुजून वगळल्या आहेत. तिचे ३० पैकी १५, आणि ३, ४, ५ हे चिंतेचे तीन प्रश्न वेगळे काढले तर ९ पैकी ८. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे शून्य होते, तरी तोंडी पुन्हा विचारले: 'जीव नकोसा झालाय असं कधी वाटलं?' घरात कुणी मारते का, पैसे अडवते का, मुलगाच हवा म्हणून दबाव आहे का, हेही विचारले. नव्हते. असते तर हे प्रकरण वेगळ्याच वाटेने गेले असते.

एवढे गुण म्हणजे दुर्मीळ काही नव्हे. २०१७ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून झालेल्या आढाव्यात गरोदर बायकांपैकी सुमारे २३ टक्क्यांत चिंतेची लक्षणे आणि १५ टक्क्यांत चिंतेचा विकार आढळला होता. तरीही आपल्या तपासणीच्या कार्डावर वजन, बीपी, हिमोग्लोबिन यांना रकाना असतो आणि चिंतेला बहुतेक ठिकाणी नसतो.

धीर देणारी माणसे

हिच्याभोवती प्रेमाची माणसे पुष्कळ होती, आणि अडचण तिथेच होती. नवरा दिवसातून वीसदा 'काही नाही होणार गं' म्हणे. आई रोज संध्याकाळी फोनवर तेच. ऑफिसची मैत्रीण स्वतःच्या बाळाच्या सोनोग्राफीचे फोटो पाठवी. गरोदर बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती ठिपक्याबद्दल विचारी आणि चाळीस जणी 'माझ्याही बाळाला होता, छान आहे' म्हणत; एकेचाळिसावी काहीतरी भयंकर सांगे. डॉप्लर तर होताच.

यातली प्रत्येक गोष्ट एकच काम करत होती: थोड्या वेळासाठी भीती उतरवणे. खाज सुटली की खाजवावे, तेवढ्यापुरते बरे वाटते आणि कातडी आणखी चिडते, तसे. प्रत्येक तपासणीनंतर मेंदू 'बाळ ठीक आहे' हे शिकत नाही. तो शिकतो ते 'बाळ ठीक राहिलं कारण मी तपासलं'. मग न तपासता राहणे अधिकाधिक अवघड होते. या प्रकरणातला उपचार म्हणजे धीर वाढवणे नव्हते, धीराचा पुरवठा आखून कमी करणे होते. घरच्यांना हे सांगणे सगळ्यात कठीण जाते, कारण त्यांना वाटते आपल्याला कठोर व्हायला सांगत आहेत.

आणि एक वाक्य पहिल्याच भेटीत घरातून हद्दपार करायला सांगितले: 'टेन्शन घेऊ नकोस, बाळाला लागतं.' सासू ते मायेने म्हणत होत्या. तीव्र चिंता उपचाराविना राहिली तर वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचे प्रमाण काहीसे जास्त दिसते, हे खरे; पण ती माहिती डॉक्टरांनी उपचार ठरवताना वापरायची असते. चिंता असलेल्या बाईच्या कानावर ती पडली की तिला चिंतेचीही चिंता सुरू होते. सासूबाईंना पर्याय दिला: काही सुचले नाही तर 'जेवलीस का?' विचारा.

आखणी

आठवड्याला एक याप्रमाणे सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराच्या, आठ भेटी, पहिल्या तीन समोरासमोर, बाकीच्या बऱ्याचशा व्हिडिओ कॉलवर. मुंबईत सहाव्या महिन्यानंतर दर आठवड्याला प्रवास करून या म्हणणे व्यवहार्य नसते.

डॉप्लर एकदम काढून घेतला नाही. घेतला असता तर दुसरा मागवला गेला असता. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या दोन वेळा, सकाळी आठ आणि रात्री नऊ, ठोके ऐकावेसे वाटोत वा न वाटोत. हा 'वाटो वा न वाटो' भाग महत्त्वाचा आहे, कारण तपासणीचा दोर भीतीच्या हातातून काढून घड्याळाच्या हातात द्यायचा असतो. दुसऱ्या आठवड्यात एकदा. तिसऱ्यात एक दिवसाआड. चौथ्यात यंत्र तिच्या माहेरी, मुलुंडला. मध्ये ऊर्मी आली तर ती ० ते १० मध्ये वहीत लिहायची, वीस मिनिटे दुसरे काही करायचे आणि पुन्हा लिहायची. पहिल्या दिवशीच्या नोंदी ९ आणि ७; बाराव्या दिवशी ६ आणि २. आपोआप उतरते, हे कुणी सांगून पटत नाही. स्वतःच्या अक्षरातले आकडे पाहून पटते.

नेटवर शोधणे पूर्ण बंद. प्रश्न वहीत, आणि रोज संध्याकाळी सात ते सव्वासात 'काळजीची वेळ'. त्या पंधरा मिनिटांत प्रश्न वाचायचे आणि दोन भागांत टाकायचे: ज्यावर मी काही करू शकते ते, आणि ज्यावर नाही ते. पहिल्यातले जास्तीत जास्त पाच पुढच्या तपासणीला न्यायचे. ठिपक्याचा प्रश्न तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकदाच, नीट, चित्र काढून समजावला आणि वहीत लिहून दिला. त्यानंतर त्याचे उत्तर कुणीच द्यायचे नाही असे ठरले.

नवऱ्याला नेमके काय बोलायचे ते दिले, कारण 'धीर देऊ नका' एवढ्या सूचनेने माणूस गप्प होतो आणि बाईला तो चिडलाय असे वाटते. रात्री अकरा वाजता "ऐक ना, ठोके ठीक असतील ना रे?" आले की त्याने म्हणायचे: "याचं उत्तर आपण ठरवलंय, मी परत देणार नाही. पण मी इथेच आहे. पाय चेपू का?" पहिल्या तीन रात्री भांडणे झाली. चौथ्या रात्री तिने प्रश्न अर्धा विचारून सोडला.

श्वासाचा व्यायाम दिला तो साधा: चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, मध्ये श्वास रोखायचा नाही, पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, बसून किंवा डाव्या कुशीवर. घाबरल्यावर 'खोल श्वास घे' हा लोकप्रिय सल्ला उलटतो. तिचा श्वास आधीच खोल असतो. लांबवायचा असतो तो उच्छ्वास.

लोकलसाठी पायऱ्या केल्या. इथे एक भेद स्पष्ट ठेवला: सकाळी सव्वानऊच्या फास्टला सहा महिन्यांच्या पोटाने लटकणे टाळणे हे शहाणपण आहे, दुपारी रिकाम्या स्लो गाडीत बसता न येणे ही चिंता. गर्दी सोसण्याचा सराव कुणाला करायचा नव्हता. रविवारी अकराच्या सुमाराला नवऱ्यासोबत भांडुप ते विक्रोळी. मग नवरा शेजारच्या डब्यात. मग एकटी घाटकोपरपर्यंत, मग कुर्ला, आणि शेवटी कुर्ला-शीव ओलांडून दादर. प्रत्येक पायरी किमान दोनदा. भीती वाढली तर मधल्या स्टेशनला उतरायचे नाही, निम्म्यावर येईपर्यंत बसून राहायचे. घाबरण्याची लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरायला लागते. ऑफिसला तोवर गरोदर असल्याचेच सांगितले नव्हते. सांगितल्यावर साडेदहाची वेळ आठवड्याभरात मिळाली. गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते, सोबत डॉक्टरांचा कागद असला की वाद होत नाही, हेही तिला माहीत नव्हते.

काय घसरले

चौथ्या भेटीला डॉप्लर माहेरी गेलेला, जीएडी-७ मात्र १६ वरून १३ पर्यंतच. झोप चार तास. खोदून विचारल्यावर कळले की मनगटावरच्या स्मार्टवॉचवर ती स्वतःची नाडी दिवसात तीस-चाळीसदा पाहत होती. तपासणी थांबली नव्हती, तिने जागा बदलली होती. हे इतक्या वेळा होते की एक तपासणी कमी करताना 'आता त्याऐवजी काय पाहता?' हा प्रश्न दर भेटीला ठरवूनच विचारावा. घड्याळ काढून ठेवले. साधे, काट्यांचे घातले.

झोपेसाठी आणि हट्टाने उरलेल्या गुणांसाठी सव्विसाव्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, केईएम, नायर, शीव इथे, प्रसूती आणि मानसोपचार दोन्ही ओपीडी एकाच आवारात आहेत, हा मोठा फायदा. सर्ट्रालीन हे चिंता आणि नैराश्यावरचे औषध सुरू झाले: एक आठवडा २५ मिलिग्रॅम, मग ५०, सकाळी नाश्त्यानंतर. पहिले आठ-दहा दिवस मळमळ आणि बेचैनी थोडी वाढू शकते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे आधीच सांगितले. न सांगितल्यास बायका पाचव्या दिवशी गोळी सोडतात. अल्प्राझोलाम पुन्हा दिले नाही. त्याने तासाभरात बरे वाटते हे खरे, पण तेही तपासणीसारखेच काम करते, सवय लागते, आणि प्रसूतीच्या जवळ नियमित घेतल्यास बाळ सुस्त किंवा नंतर चिडचिडे होऊ शकते. आधी घेतलेल्या तीन गोळ्यांनी काही बिघडत नाही, हे तिला एकदा स्पष्ट सांगितले. महिनोन्महिने रोज घेणारीने मात्र ती एकाएकी सोडू नये, डॉक्टरांच्या सांगण्याने उतरवत आणावी.

जोखीम आकड्यांत मांडली, कारण 'सेफ आहे' हा शब्द चिंता असलेल्या बाईला पुरत नाही. बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तदाबाचा एक दुर्मीळ आजार एरवी हजारात साधारण दोन बाळांना होतो, या गटातली औषधे शेवटच्या महिन्यांत घेतल्यास सुमारे तिघांना. काही बाळे जन्मानंतर थोडे दिवस थरथरतात, किरकिरतात. त्यासाठी दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचे. स्तनपानात सर्ट्रालीन फार कमी उतरते. एकदम बंद करायचे नाही. सासूबाईंना सांगायचे की नाही, हे तिच्यावर सोडले. तिने 'रक्तवाढीच्या गोळ्यांसोबतच एक आहे' असे सांगितले.

मुंबईत मानसशास्त्रज्ञ महाग आहेत आणि वेळ मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण असे काम तज्ज्ञांनीच करावे लागते असे नाही. रावळपिंडीच्या एका सरकारी रुग्णालयात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानसशास्त्राची साधी पदवी असलेल्या, उपचाराचा अनुभव नसलेल्या मुलींनी सहा भेटींत चिंताग्रस्त गरोदर बायकांना मदत केली, आणि प्रसूतीनंतर नैराश्य १२ टक्क्यांत दिसले. ज्यांना फक्त नेहमीची तपासणी मिळाली त्यांच्यात ते ४१ टक्के होते. आपल्याकडे शासनाची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १४४१६ वर मराठीतही चालते.

डोहाळजेवणाचे काय

सातव्या महिन्यात सासूबाईंना डोहाळजेवण करायचे होते. तिचा ठाम नकार. बाळासाठी काही विकत घेतले नव्हते, बाळाबद्दल 'झालं तर' असेच बोलत होती. आनंद केला की काहीतरी बिघडते, हा तिचा न बोललेला नियम होता. त्यात श्रद्धा किती आणि चिंता किती, याची चिकित्सा केली नाही. तीस आठवड्यांना घरातल्या घरात फक्त ओटी भरली, सात बायका, फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. तिनेच ठरवलेला आकार होता.

एकतिसावा आठवडा

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून हालचालींची नोंद सुरू केली होती, आणि इथे मोठी काळजी घ्यावी लागली. एकीकडे तपासण्या कमी करायच्या, दुसरीकडे बाळाची हालचाल ही खरोखर पाहायची गोष्ट. नियम कागदावर लिहिला: रात्री जेवणानंतर एकदाच, डाव्या कुशीवर, दोन तासांत दहा हालचाली मोजायच्या, दहा झाल्या की वही बंद. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा दिवसभरात कधीही नेहमीपेक्षा स्पष्ट कमी जाणवल्या, तर हॉस्पिटल. 'ही माझी चिंता आहे का?' हा प्रश्न तेव्हा कुणालाही, स्वतःलाही, विचारायचा नाही. रक्तस्राव, पाणी जाणे, डोळ्यांसमोर अंधारी येऊन जोरात डोके दुखणे, ताप, एकाच पायाला सूज, विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप यांनाही तोच नियम.

एकतिसाव्या आठवड्यात एका रात्री दोन तासांत सहाच भरल्या. तिने नवऱ्याला उठवले, पण निघायला अर्धा तास लावला. 'परत हसतील, म्हणतील ही आलीच.' बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारी एनएसटी पट्टी वीस मिनिटांत चांगली आली, बाळाभोवतीचे पाणी ठीक, बाळ झोपेत असावे. नोंदीत हा प्रसंग 'नियम पाळला' असा लिहिला गेला, घसरण म्हणून नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांना फाईलवरच्या 'चिंता' या शब्दाचा अर्थ 'हिचे ऐकू नका' असा लागू नये म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर वरचा नियम स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सहीने चिकटवला होता. अर्धा तास का लागला, हे पुढच्या भेटीत पाहिले, आणि नियमात 'वहीत वेळ लिहायची, पंधरा मिनिटांत रिक्षा' एवढे वाढवले.

प्रसूतीआधी आणि नंतर

छत्तिसाव्या आठवड्यात जीएडी-७ सहावर आले. भीतीपोटी तिने मध्येच 'सिझरच करा' म्हटले होते. लेबर रूम दाखवून आणल्यावर आणि सोबत कोण थांबेल हे ठरल्यावर तो हट्ट राहिला नाही. प्रसूती रजेच्या २६ आठवड्यांपैकी प्रसूतीआधी ८ पर्यंत घेता येतात. तिने ४ घेतले. दिवसभर घरी रिकामे बसणे तिला मानवले नसते. अडतिसाव्या आठवड्यात नॉर्मल प्रसूती, मुलगी, २.८ किलो. बाळ दोन दिवस थोडे किरकिरे होते, तिसऱ्या दिवशी नीट अंगावर प्यायला लागले.

अशा बायकांमध्ये तपासणी बाळंतपणाबरोबर संपत नाही, ती पाळण्याकडे सरकते, म्हणून आखणी आधीच केली होती. रात्री बाळाचा श्वास पाहायला उठणे फक्त दूध पाजण्याच्या वेळी. पहिल्या चाळीस दिवसांत नवरा आणि आई यांच्यात रात्रीची एक पाळी, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप, कारण झोप तुटली की चिंता सगळ्यात आधी परत येते. श्वास मोजणारी पायमोज्यांसारखी यंत्रे भेट म्हणून आली तर परत करायची, एक आलीही. सहा आठवड्यांना ईपीडीएस ७, जीएडी-७ पाच. सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमवर किमान आणखी सहा महिने, मग महिन्या-दोन महिन्यांत उतरवत बंद. पुढची भेट बाळाच्या साडेतीन महिन्यांच्या लसीच्या दिवशीच ठेवली, म्हणजे तिला दोनदा बाहेर पडायला नको.